बाजूला ठेवलेलं जुनं बियाणं

एका पायात नवी आणि एका पायात जुनी चप्पल घालून फिरणारा माणूस आमच्या गावात एकच होऊन गेला. ढाणकीच्या बाजारातून चप्पल आणली की आधी उजव्या पायात नवी, डाव्या पायात जुनीच. चांगले आठ दिवस. असाच शेतात जायचा, असाच मशिदीत जायचा, एकदा तर असाच एका लग्नाच्या पंगतीत येऊन बसला. लोक हसले की म्हणायचा, "दोन्ही पायात नवी घातली अन् पाय दुखला, तं चप्पल खराब हाय का पाय खराब हाय, समजन कसं? बाजूले एक जुनी पाह्यजे ना बे!"

त्याला सगळं गाव मामू म्हणायचं. हिंदू म्हणायचे, मुसलमान म्हणायचे, त्याच्यापेक्षा वयानं मोठे असलेलेही म्हणायचे. एकदा त्याची बायको चिडून "ओ मामू" म्हणाली, तर हा दिवसभर जेवला नाही. त्याचं खरं नाव त्याच्या आधार कार्डावर होतं, ते तिथंच राहू द्या. दोन वर्षं झाली त्याला जाऊन. कापूस वेचणीचे दिवस होते, दुपारी जेवून खाटेवर निजला तो उठलाच नाही. म्हातारा झाला होता, गेला. असं जाणं कोणाला भेटते?

मी चौथी शिकलो. सून म्हणाली, बाबा तुम्ही सांगा, मी लिहून देते. मी म्हटलं, काहून? माझ्या हाताला काय झालं? अक्षर वाकडं आहे, पण मामूविषयी लिहायचं तर मीच लिहिणार. त्याचं शेत आणि माझं शेत एका धुऱ्यावर, मधे एकच बांध. चाळीस पावसाळे आम्ही एकमेकांच्या बैलांना हाकललं, एकमेकांचं पाणी प्यायलो आणि धुऱ्यावरून भांडलो. माझ्याएवढा तो कोणालाच माहीत नाही.

उन्हाळा सरत आला की त्याच्या घरी एक ओलं गोणपाट दिसायचं. पेरणीआधी सोयाबीन उगवते की नाही हे आम्ही सगळेच पाहतो. ओल्या गोणपाटात दाणे गुंडाळून ठेवायचे, पाणी शिंपडायचं, कोंब आले किती आणि सडले किती ते पाहायचं. पण मामू एका गोणपाटात दोन बियाणं ठेवायचा. अर्ध्यात दुकानातलं नवं, अर्ध्यात घरचं जुनं.

मी म्हटलं, "मामू, पाहाचं नव्याले हाय, मंग जुनं कायले भिजवतं?"

"भौ, समज नवं कमी उगवलं. तू म्हणशीन बियाणं खराब. अन् बाजूचं जुनंबी तेवढंच कमी उगवलं असन तं? मंग बियाण्याचा दोष नाई, पाण्याचा हाय, नाई तं उन्हाचा हाय. जुनं बाजूले नसन, तं नव्यावर खोटा आळ येते. नाई तं खोटी वाहवा होते."

एवढं करूनही नवं बियाणं तो पहिल्या वर्षी दोनच तासांत, म्हणजे दोनच ओळींत पेरायचा. बाकी वावरात जुनं.

घरात कुकर आला तेव्हाही हेच. बायकोला घरात लावू दिला नाही. अंगणात दोन चुली मांडल्या, एकीवर कुकर, एकीवर भगुणं, दोन्हींत सारखीच तुरीची डाळ. आणि स्वतः गोठ्याच्या भिंतीमागं उकिडवा बसून डोकं वर करून पाहत होता. शिट्टी वाजली तसा बैलानं दावं तोडलं आणि थेट माझ्या कपाशीत. मी दुपारपर्यंत शिव्या देत होतो. मामू दोन वाट्या घेऊन आला. "शिव्या मंग दे. पहिले सांग, कोणती डाळ चांगली लागते?" कुकरचीच चांगली होती. मी मात्र भगुण्याची सांगितली.

आता फवारणीची गोष्ट. कपाशीवर अळी पडली होती आणि दुकानात नवीनच औषध आलं होतं. दुकानदार म्हणाला, "बिनधास्त मारा, काही होत नाही." मामूनं कपाशीच्या दोनच ओळींवर मारलं आणि पंप ठेवून दिला. म्हणाला, "थांब भौ, दोन दिवस पाहू." मी कायले थांबतो! पंप पाठीवर घेतला आणि सगळं वावर एका दिवसात मारलं. दिवस मावळता मावळता माझे डोळे चुरचुरायला लागले, मग दिसेनासं झालं, मग ओकाऱ्या. धुऱ्यावरच पडलो. मामूनं मला त्याच्या जुन्या फटफटीवर मागं बसवलं आणि माझ्या कमरेभोवती दुपट्टा घेऊन स्वतःच्या पोटाशी गाठ मारली. ढाणकीपर्यंत एकच सांगत होता, "भौ, बोल. शिव्या दे, पण बोल." मी दवाखान्याच्या दारापर्यंत शिव्या दिल्या. त्यानं एकीलाही उत्तर दिलं नाही. असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

त्या दिवसापासून कोणी मला "काही होत नाही" म्हटलं की मी उठतो. समोर कोणीही असो.

हे सांगितलं कारण पुढची गोष्ट त्यावरच आहे. कोरोनाचं दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी आमच्या गावात बंदोबस्त होता, आजार नव्हता. दुसऱ्या वर्षी आजारच आला. वरच्या आळीत एक माणूस गेला, मग एक बाई गेली. चार माणसं मयतीला, तीही तोंड बांधून. आमच्या बुढीला, म्हणजे माझ्या बायकोला, तरुणपणापासून दमा. थंडीत तिची छाती बासरीसारखी वाजते. धुरानं, धुळीनं, हसण्यानंसुद्धा दम लागतो, म्हणून ती हसायचं सोडून बोलतेच जास्त. असा आजार तिच्या छातीत उतरला असता तर काय झालं असतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात शाळेत सुई द्यायला सुरुवात झाली. सिस्टर म्हणजे तरुण पोरगी होती, स्कुटीवर यायची, कामाला पक्की. भर उन्हात ती आमच्या अंगणात आली.

"काका, काकूंना घेऊन चला शाळेत. काहीच होत नाही."

मी उठलो आणि बैलांना पाणी दाखवायला गेलो. मागून बुढी आली.

"पोरगी उन्हातून आली, तिले पाणी तरी पेऊ द्याचं होतं."

"दुकानदारबी असाच बोलला होता."

"सुई अन् फवारा एक होय का?"

"नवं तं दोन्ही हाय ना?"

"मंग मी काय करू?"

"थांब."

"कवापर्यंत?"

मी बैलापुढची बादली उचलली. सुई दिली आणि तिच्या छातीला काही झालं तर ते माझ्या हातून झालं असतं. नाही दिली आणि आजार आला, तरी माझ्याच हातून. लोक म्हणतात एवढा काय विचार करायचा. तिचा श्वास ऐकत ज्यानं हिवाळे काढले त्यानं हे बोलावं.

इकडं मामूनं आपलं काम सुरू केलं होतं. शाळेकडून गावात येताना एक रपटा आहे, नाल्यावरचा ठेंगणा पूल. त्याच्या कठड्यावर हा तोंडाला दुपट्टा बांधून बसायचा आणि सुई घेतलेला माणूस दिसला की हाक मारायचा. "ये इकडं. बाही वर कर. दुखते का? रात्री जेवला का? झोप लागली का?" बायकांना त्याची बायको विचारायची, हा लांबून कान देऊन ऐकायचा. लोक त्याला डॉक्टर मामू म्हणायला लागले. संध्याकाळी धुऱ्यावर येऊन मला सांगायचा, "भौ, सारे ठणठणीत हायेत."

एक दिवस बुढी तिथं चहा घेऊन आली होती. म्हणाली, "मामू, तुमाले रपट्यावर भेटते कोण?"

"येणारे-जाणारे."

"अन् सुई घेऊन जे तापानं घरात पडले हायेत, ते रपट्यावर येतीन का?"

मामूनं कप खाली ठेवला. "चुकलं बाई," तो म्हणाला. "गोणपाटात सडलेला दाणाबी दिसते. रपट्यावर नाई दिसत. मी फकत कोंब मोजून राह्यलो होतो."

दुसऱ्या दिवसापासून तो घरोघरी जायला लागला. आत जायचा नाही, अंगणात उभा राहून विचारायचा. सुई घेतलेल्यांच्या घरी आणि न घेतलेल्यांच्याही. मग धुऱ्यावर आला तेव्हा त्याचं बोलणं बदललं होतं.

"होते, भौ. ताप येते. अंग मोडते. शिंप्याची सून दोन दिवस उठली नाई, भाकरी सासूनं टाकल्या. एकाले चक्कर आली, पण तो सुई पाहूनच पडला. होते. पण सारे उठून राह्यले. अन् बिनसुईच्या घरी जो ताप पाह्यला, तो अलग हाय. तो उतरतच नाई. आता गाव लहान हाय, दाणे कमी हायेत, यावरून मी काई छातीठोक नाई सांगत. जे पाह्यलं ते सांगतलं."

"होते" हा शब्द मी या सगळ्या भानगडीत पहिल्यांदा ऐकत होतो. मला बरं वाटलं. ताप येतो म्हणणाऱ्या माणसाचं ऐकून बरं वाटावं, हे जरा उलटंच आहे, पण झालं तसं. मी त्या दिवशी घरी जाऊन बुढीला हो म्हणणार होतो.

पण त्याच दिवशी म्हातारा लोहार गेला. त्यानं आठ-दहा दिवसांपूर्वी सुई घेतली होती.

मग काय विचारता! गावानं दारं लावून घेतली. सिस्टर सुईचा निळा डबा घेऊन शाळेच्या व्हरांड्यात एकटी बसून राहायची. पानठेल्यापाशी लोकांनी मामूला घेरलं.

"आता सांग, डॉक्टर मामू. लोहार कशानं गेला?"

"मले माईत नाई."

"रोज तं भाषण देत होता!"

"जे पाह्यलं ते सांगत होतो. हे नाई पाह्यलं. त्याच्या घरी जाऊन आलो. छातीचं दुखणं जुनं होतं, हे खरं हाय. सुई घेतली होती, हेबी खरं हाय. कशानं गेला ते मले नाई माईत अन् तुमालेबी नाई माईत. पण याच पंधरवड्यात बिनसुईचे तीन गेले. त्यायच्यासाठी कोणी मले पानठेल्यावर घेरलं नाई."

गर्दीतून एक जण म्हणाला, "ते जाऊ दे. तू सोता घेतली का सुई?"

मामूनं पायात चपला सरकवल्या आणि निघून गेला. मागं हशा पिकला. मीही तिथं होतो. मी हसलो नाही, पण मलाही ते लागलं. हा सगळ्या गावाच्या बाह्या वर करून पाहतो आणि स्वतः कोरडा!

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी बुढी नव्हती. शेजारीण म्हणाली, शाळेकडं गेली. मी चप्पल घालून निघणार तर ती समोरून परत येताना दिसली. ओट्यावर बसली. बोलायला तिला वेळ लागला.

"घेतली?" मी विचारलं.

"नाई भेटली. ते बाटली दहा जणायची असते म्हणे. एकदा खोलली की थोड्या वेळात संपवा लागते, नाई तं फेकून द्या लागते. सिस्टर म्हणाली, काकू, एकटीसाठी नाई खोलता येत. तिचे डोळे भरले होते, तिचा काय दोष?" मग दम घेऊन म्हणाली, "मी एकटी होतो तथी. म्हणून परत आलो."

ती मला काही टोचून बोलत नव्हती. तिनं नुसतं काय झालं ते सांगितलं. मी तसाच उठलो आणि मामूच्या घरी गेलो. मी कोणाच्या दारी असा जात नाही. बुढी मागून आली.

"तू काहून नाई घेतली सुई?" मी अंगणातूनच ओरडलो.

मामू खाटेवर उठून बसला. "मी घेतली तं बाजूले कोण राहीन?"

"म्हणजे?"

"अरे भौ, माया बायकोले पहिल्याच दिवशी देली. मी नाई घेतली. एकच घर, एकच चूल, एकच हवा. ती नवं बियाणं, मी जुनं. याच्याहून चांगलं गोणपाट कोठी भेटन? मी घेतली तं सारेच नवे झाले. मंग पाहाचं कोणाले बाजूले ठेवून?"

खरं सांगतो, मला ते पटलं. एवढा चांगला हिशोब मला सुचला नसता. पण आमच्या बुढीनं पदर खोचला.

"मामू, सडलेला दाणा तुमी उकिरड्यावर फेकता. तुमी सडले तं तुमाले आमी कोठी फेकाव?"

मामू खाटेखालच्या चपला पायानं चाचपडायला लागला.

आतून त्याची बायको म्हणाली, "महिनाभर मै यही बोल रही हूँ. मेरी कौन सुनता?"

"मले दहा माणसं पाह्यजे," बुढी म्हणाली. "एक मी. बाकीचे तुमी आना. रोज घरोघरी फिरता ना? मंग आज कामाचं फिरा."

मामू फिरला. मी त्याच्यासोबत होतो, लांबून. त्यानं कोणालाही "काही होत नाही" म्हटलं नाही. प्रत्येक अंगणात तेच सांगितलं: ताप येईन, हात दुखन, लोहाराचं मले माईत नाई, बाकीच्यायचं पाह्यलं ते हे असं. काहींनी दार लावून घेतलं. काहींनी लावलेलं दार उघडलं. एका घरातून "तू घेतली का?" असं विचारलं, तेव्हा तो "नाई" म्हणाला आणि पुढं गेला.

सकाळी शाळेच्या व्हरांड्यात आठ जण बसले होते. शिंपी आणि त्याची बायको होती, लोहाराचा भाऊ होता. तो येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. बुढी शेवटच्या बाकावर. मी तिला पोहोचवायला गेलो होतो, म्हणून उभा होतो. मामूही उभा होता, खांबाला टेकून. सिस्टरनं निळ्या डब्याचं झाकण उघडून बर्फ पाहिला आणि लावलं.

"दोन कमी आहेत," ती म्हणाली. "बर्फ पघळतोय. दुपारपर्यंत मी थांबते."

मामू माझ्याकडं पाहत होता.

"भौ, बस."

"तू बस पहिले."

"माया हिशोब अलग हाय."

"मायाबी अलग हाय."

शाळेच्या पायऱ्या चढून आल्यानं बुढीला दम लागला होता. आम्ही दोघं गप्प झालो तसा तो आवाज मोकळा ऐकू यायला लागला. बारीक शिट्टीसारखा, आत जाताना एक आणि बाहेर येताना एक. ती खाली मान घालून बसली होती, आवाज दाबायचा प्रयत्न करत होती. मी तो आवाज जन्मभर ऐकला आहे. मामूनं एवढ्या जवळून बहुतेक कधी ऐकला नव्हता. तो खांबापासून सुटला, बाक ओढला आणि बसला.

"सिस्टर," तो म्हणाला, "खोल बाटली. पहिले तिले दे."

आठ आणि एक नऊ होतात. एक माणूस कमी पडत होता. म्हणून मी बसलो. घाबरलो म्हणून नाही आणि कोणी सांगितलं म्हणूनही नाही, एवढं इथं लिहून ठेवतो.

बुढीला सुई दिली, तेव्हा तिनं भिंतीवरच्या बाराखडीकडं पाहिलं. मामूची बाही सिस्टरनं वर केली, तर हा दंडाकडं पाहतच नव्हता. मान वळवून बुढीकडं पाहत होता. सिस्टर म्हणाली, "मामू, झालं." तो म्हणाला, "कवा?" माझ्या वेळी मी डोळे मिटले होते. ऊन होतं डोळ्यांवर.

मग अर्धा तास बसायचं होतं. पहिलीच्या पोरांचे बाक, आमचे गुडघे छातीला लागत होते. मधी बुढी, एका बाजूनं मी, एका बाजूनं मामू. ती श्वास घ्यायची, तेव्हा आम्ही दोघं घ्यायचो. तिनं खोकलं की दोघंही पुढं वाकायचो.

"काय पाहून राह्यले माह्याकडं?" ती म्हणाली. "मी काय कुकर होय?"

अर्धा तास झाला. सिस्टर म्हणाली, आता घरी जा, ताप आला तर या गोळ्या. बाकीचे उठून गेले. मामू उठला नाही.

"आनखी थोडं बसू," तो म्हणाला. "ऊन हाय."

ऊन तर वाढतच चाललं होतं. तरी मी हो म्हटलं.

"तुमी बसा दोघं," बुढी म्हणाली. "मले दळण आनाचं हाय." आणि उठली.

पुढं ताप आला. तिला सगळ्यात कमी, मला सगळ्यात जास्त आणि मामूला किती ते त्यानं कधीच सांगितलं नाही. दुसऱ्या वेळची सुई झाली, पाऊस आला, पेरण्या झाल्या. आज मी हे लिहितो आहे आणि बुढी बाहेर भाजीवाल्याशी घासाघीस करते आहे, म्हणजे छाती ठीक आहे. पण मामू म्हटलं की मला पहिले आठवतं ते त्या दिवशी शाळेतून घरी येणं.

ती पुढं, आम्ही मागं. तिच्या चालण्याला वेळ लागतो. मामूची चाल अशी की बैलांना मागं टाकील, आणि मीही काही कमी नव्हतो. पण त्या दिवशी आम्ही दोघं तिच्या पावलामागं पाऊल टाकत होतो. शिंप्याच्या दुकानापाशी ती दम खायला थांबली. आम्हीही थांबलो. तिनं मागं वळून पाहिलं, तसं मामूनं वर आभाळाकडं बोट केलं आणि मला विचारलं, यंदा पाणी कसं राहीन. मी म्हटलं, चांगलं राहीन. आभाळात एक ढग नव्हता. ती निघाली, मग आम्ही निघालो.